एकही चूक नसलेला निबंध

शुक्रवारी दुपारी ईमेल आला तेव्हा गार्गी कॉलेजच्या कँटीनमध्ये डबा खात होती. तिने तो एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला, आणि तिसऱ्या वेळेपर्यंत तो तिला पाठ झाला होता. लेखनाच्या चाचणीतलं तिचं उत्तर एका छापील लेखाशी शंभर टक्के जुळतंय. सोमवारी सकाळी दहा वाजता समितीपुढे हजर राहावं. चाचणीत फोन वापरल्याचं दिसून आलं तर फाउंडेशनच्या वर्षातून नाव कमी होईल. नाव कमी झालं की स्टुडंट पास गेला, आणि पास गेला की देश सोडायचा, हे कुणी वेगळं सांगायला नको होतं. ते पहिल्या दिवशीच सांगून झालं होतं, आणि पहिला दिवसही तिला पाठ होता.

सांगलीत गार्गीचं नाव होतं ते याचसाठी. पहिलीत स्तोत्रं, पाचवीत सुभाषितं, दहावीत इतिहासाचं अख्खं पुस्तक. बाबा हायस्कुलात शिक्षक. पाहुणे चहा संपवेपर्यंत ते कसेबसे थांबत आणि मग म्हणत, "गार्गी, म्हण गं." ती हात मागे बांधून सुरू होई. एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. बारावीला मात्र गणिताने दगा दिला, कारण गणित पाठ करून भागत नाही. गुण थेट प्रवेशाला पुरले नाहीत, म्हणून सिंगापुरात हे एक वर्ष: ते पार केलं की पदवीचं दार उघडं, नाही केलं तर परत सांगली, परत तेच पाहुणे.

राहायला ती पुंगोलला आत्याकडे होती. स्मिताआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, चांगी बिझनेस पार्कमध्ये नोकरी, चौदाव्या मजल्यावर फ्लॅट, अकरा वर्षांची मुलगी श्रिया. भाचीचं पाठांतर ऐकून घ्यायची तिला भारी हौस. चाचणीच्या आधी लेखन शिकवणाऱ्या मिस लिमनी चाचणीच्याच विषयावरचा एक लेख वाचायला दिला होता, सरकारी घरांनी शहरातली माणसं कशी जोडली यावर. वाचायला दिलंय म्हणजे पाठ करायला दिलंय, यात गार्गीला शंका वाटली नाही, आत्यालाही नाही. तीन दिवस येता-जाता एलआरटीच्या छोट्या रेल्वेत ओठ हलवत गार्गीने सहाशे शब्द बसवले आणि चाचणीत स्वल्पविरामांसकट उतरवले. बाहेर पडताना मिस लिम तिच्याकडे बघून हसल्याही होत्या.

ईमेल वाचून आत्या सोफ्यावर बसलीच. मग तिने विचारलं, "फोन कुठे होता तुझा?"

"बॅगेत. आणि बॅग वर्गाबाहेर."

"मग घाबरतेस कशाला? त्यांच्यासमोर म्हणून दाखव सगळं. पुढ्यात बसून ऐकल्यावर काय बोलतील?"

फोन वापरला नाही, हे सिद्ध करायला तिच्याजवळ जगातला सगळ्यात पक्का पुरावा होता.

जेवणाच्या टेबलावर गणितं सोडवणाऱ्या श्रियाने मान वर करून सिंगापुरी इंग्रजीत म्हटलं, "बट ताई, दॅट्स स्टिल कॉपिंग, लाह."

"तू तुझी गणितं कर," आत्या म्हणाली, आणि श्रियाने खांदे उडवले.

शनिवार-रविवार तालमीत गेले. आत्या कागदावर बोट ठेवून ओळ न् ओळ तपासायची, गार्गी खिडकीशी उभी राहून म्हणायची. रविवारी सांगलीहून फोन आला. बाबांनी नेहमीसारखं विचारलं, अभ्यास कसा चाललाय. तिने नेहमीसारखं सांगितलं, छान. फोन ठेवल्यावर बाराव्या ओळीवर ती अडखळायला लागली, जिथे आजवर कधी अडखळली नव्हती. आत्या म्हणाली, "पुन्हा पहिल्यापासून." आवाज थेट बाबांचा.

सोमवारी खोलीत मिस लिम होत्या आणि विभागप्रमुख होते. पिकलेल्या केसांचे, हळू बोलणारे. त्यांनी विचारायच्या आत गार्गी उभी राहिली. म्हणाली, मी फोन वापरला नाही, ऐका. हात मागे बांधले आणि सुरू झाली. बारावी ओळ आली आणि सरळ निघून गेली. अर्ध्यावर मिस लिमनी पेन खाली ठेवलं. शेवटच्या पूर्णविरामापर्यंत कुणी हललं नाही.

"फोन नव्हता, हे मला पटलं," विभागप्रमुख म्हणाले. गार्गी खाली बसली. "आता सांग, यातलं तुझं वाक्य कोणतं?"

तिला प्रश्नच कळला नाही. सगळी वाक्यं तिला येत होती. त्यातलं एकही तिचं नव्हतं. जो पुरावा तिने आणला होता, तोच कबुलीजबाब होऊन टेबलावर पडला होता, आणि तो तिने स्वतःच, खणखणीत आवाजात दिला होता.

"बरं, असं सांग," मिस लिम म्हणाल्या. "तू पुंगोलला राहतेस. यातलं कुठलं वाक्य तुला खोटं वाटतं?"

छापलेलं खोटं वाटतं का, हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, शब्द शोधत शोधत ती म्हणाली, "लेखात लिहिलंय की सामाईक कॉरिडॉरमुळे शेजाऱ्यांची ओळख होते. आमच्या शेजारच्यांचं दार सात महिन्यांत मी उघडं बघितलं नाही. मला त्यांचे बूट ओळखू येतात. माणसं नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मिस लिमनी पेन उचलून काहीतरी लिहिलं. मग तिला बाहेर बसवलं. पंचवीस मिनिटं ती समोरच्या नोटीस बोर्डावरच्या सूचना वाचत बसली, आणि पहिल्यांदाच त्यातली एकही डोक्यात राहिली नाही.

आत्याने अर्धी रजा टाकली होती. एमआरटी स्टेशनच्या जिन्याशी ती उभी होती.

"म्हटलंस सगळं?"

"म्हटलं."

"चुकलीस कुठे?"

"कुठेच नाही. शून्य दिले."

आत्याला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. मग गार्गीने सांगितलं: चाचणीला शून्य, दोन आठवड्यांनी नवी चाचणी, त्यात पन्नास मिळाले तर वर्ष चालू, नाहीतर पास रद्द. आत्या खालच्या आवाजात म्हणाली, "मग आता पाठ काय करायचं?"

ते गार्गीलाही ठाऊक नव्हतं. ते दोन आठवडे तिच्या आयुष्यातले सगळ्यात लांब होते. आत्या कागद मागायची आणि कागद कोराच असायचा. रोज एक परिच्छेद, तोही खोडलेला. लिहिलेलं बरोबर की चूक, हे ताडून बघायला दुसरीकडे कुठे पानच नव्हतं. जेवण जाईना. एकदा तर तिने मनातल्या मनात सामानही भरून पाहिलं.

चाचणीत पाण्याच्या वापरावर प्रश्न आला. ती वेळ संपेपर्यंत लिहीत होती आणि बाहेर आल्यावर तिला स्वतःचं दुसरं वाक्यही आठवेना. बाथरूममध्ये जाऊन ती रडली. आठवत नाही म्हणजे गेलंच, असं तिने धरून टाकलं.

गुण आले: त्रेपन्न.

त्या रविवारी तिने बाबांना सगळं सांगितलं. समिती, शून्य, त्रेपन्न. मग बाबांनी विचारलं, "उरलेले सत्तेचाळीस कुठे गेले?"

"शोधतेय, बाबा," गार्गी म्हणाली. पुढचा निबंध गुरुवारी द्यायचा होता.