किल्ल्याच्या दारातला पहारेकरी

एका सुट्टीत बुऱ्हाणपूरला मावशीकडे गेलो, तेव्हा फासे टाकत, गोष्ट सांगत खेळायचा खेळ मी दोघी मावसबहिणींना शिकवला. त्यांना सवय कॉम्प्युटर गेमची. किल्ल्याच्या दारात पहारेकरी उभा आहे, असं मी सांगताच धाकटीनं विचारलं, "ऑप्शन काय आहेत?"

"ऑप्शन नाहीत. तू तिथं असतीस तर काय केलं असतंस?"

ती म्हणाली, "दादा, मी त्याला विचारते, जेवले का तुम्ही? माझ्या पिशवीत केळी आहेत."

मी लढाईची तयारी करून बसलो होतो. ती सोडून मी पहारेकरी झालो आणि म्हणालो, "सकाळपासून उपाशी आहे, ताई."

केळी खाऊन त्यानं दार उघडलं. मावशी जेवायला दोनदा हाक मारून गेली, पण आम्ही तिघं किल्ल्यातून बाहेर आलो नाही. तशी दुपार मला पुन्हा मिळाली नाही.