आधी सही, मग सुई

आमच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरला सगळे घड्याळ म्हणायचे. दुपारच्या सुया बाराला सुरू आणि साडेबाराला बावीस खाटा संपून ट्रे रिकामा. मी त्याच वॉर्डातली मावशी. फरशी पुसणं, भांडी उचलणं, पेशंटला कूस बदलायला हात देणं आणि न विचारता सल्ला देणं ही माझी कामं. शेवटचं मी जरा जास्तच मन लावून करते.

बत्तीस वर्षं तिनं उभ्यानं काढली. गुडघ्यांची पार वाट लागलेली. नवरा सुतार, तो रोज संध्याकाळी तेल चोळून द्यायचा. ऑफिसातली जागा तिला तीनदा मिळत होती आणि तिन्ही वेळा तिनं नको म्हटलं. "मला माणूस लागतो हो मावशी, नुसते कागद घेऊन काय करू?" मग या वर्षी शिकवणीची जागा निघाली. नव्या नर्सना शिकवायचं, तेही दिवसा आणि बसून. मेट्रनबाई तिलाच देणार हे वॉर्डातल्या भिंतींनाही माहीत होतं. कागद सोमवारी निघणार होता. नवऱ्यानं तर तिच्या पाठीच्या मापाची खुर्चीच करायला घेतली.

आणि शुक्रवारी तिचं नशीब आडवं आलं.

त्या दिवशी बाराला मेट्रनबाईंनी तिला बोलावलं, म्हणून सुया नव्या नर्स पोरीनं दिल्या. दोन वाजता मी ट्रे धुवायला घेतला, तर कोपऱ्यात एक भरलेली सुई. वर चिठ्ठी, सात नंबर. सात नंबर म्हणजे आमचे मास्तर, पायाची जखम चिघळलेली, वेळेवर औषध नाही गेलं तर पायावर बेतेल असं डॉक्टरांनी सांगितलेलं. खोटं कशाला बोलू, आधी मी ती सुई गुपचूप टाकायलाच निघाले होते. पण मास्तरांच्या कपाळाला हात लावला, तर चटका बसला. तशीच सिस्टरकडे गेले.

तिनं मास्तरांचा कागद बघितला. बारा वाजता सुई दिली, खाली पोरीची सही. तिनं आधी डॉक्टरांना फोन केला, मास्तरांना सुई दिली आणि मग पोरीला बोलावलं.

"सुई द्यायच्या आधीच सही केलीस?"

"हो सिस्टर. टेबलावर बसून सगळ्यांच्या एकदम केल्या. मधेच बारा नंबरला उलटी झाली, तिकडे धावले. परत आले तर मास्तरांच्या कागदावर सही होती. मला वाटलं, दिली."

"आधी सही करायची, हे कुणी शिकवलं तुला?"

पोरीनं मान खाली घातली. "तुम्हीच तसं करता ना."

सिस्टर हळूच स्टुलावर बसली. घड्याळ साडेबाराला कसं पोचतं ते त्या दिवशी मला कळलं. बावीस सह्या आधीच उरकलेल्या असायच्या.

संध्याकाळी ती चुकांच्या वहीत लिहायला बसली. मी दार लावून घेतलं.

"सिस्टर, चूक पोरीची आहे. तिचं नाव लिहा आणि मोकळ्या व्हा. सोमवार तीन दिवसांवर आलाय."

"हात तिचा होता मावशी, सवय माझी."

"आणि गुडघे? ते कुणाचे?"

ती हसली, पण डोळे भरलेले होते. "ती खुर्ची मला हवी आहे हो. फार हवी आहे. रोज जिना चढताना मी दिवस मोजते. पण बत्तीस वर्षांत मी एकही सुई विसरले नाही, म्हणून ही सवय खपून गेली. या पोरींना माझी स्मरणशक्ती कुठून आणून देऊ? सवय तेवढी उचलली त्यांनी."

आणि तिनं लिहिलं. पोरीच्या नावासमोर, "ही सवय तिनं माझी पाहून उचलली." खाली सही. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला बाईनं. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही, एवढी चिडले होते. चिडले की रडले, तेही धड सांगता येत नाही.

सोमवारी जागा दुसऱ्या वॉर्डातल्या सिस्टरला गेली. मेट्रनबाई आमच्या सिस्टरला म्हणाल्या, "तुमच्या खरेपणाबद्दल शंका नाही. पण हीच चूक करणारीला शिकवायला कशी बसवू?" ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं."

मंगळवारी तिचा नवरा दवाखान्याच्या दारात उभा. हातात एक बुटकं स्टूल. अर्ध्या झालेल्या खुर्चीचे पाय कापून केलेलं. माझ्या हातात देऊन म्हणाला, "मावशी, ती बसणार नाही. तुम्ही बसवा."

बाराला ती निघाली. मागे नवी पोरगी कागद घेऊन, तिच्या मागे मी स्टूल घेऊन. प्रत्येक खाटेपाशी तेच. चिठ्ठी वाचायची, सुई द्यायची, मग तिथंच सही, मग पुढची खाट. मी स्टूल सरकवायचे आणि ती कुरकुरत बसायची. सात नंबरला पोचलो तोवर साडेबारा होऊन गेले होते, अजून पंधरा खाटा बाकी.

मास्तरांचा ताप उतरला होता. त्यांनी भिंतीकडे बघितलं. "काय सिस्टर, आज घड्याळ मागे पडलं?"

तिनं सुई दिली, कापूस दाबून धरला आणि मग पेन उघडलं.

"हो मास्तर," ती म्हणाली, "अजून शिकतेय."