बग्गीखान्याचं मागचं दार

४ मार्च १९८४, रविवार. सकाळचे दहा. भंडाऱ्याच्या जुन्या बंगलेवस्तीतला बग्गीखाना. हजर: मालगुजार घराण्यातले भैयासाहेब, जतन समितीचे अध्यक्ष. निवृत्त मुख्याध्यापक गुरुजी, इतिहास लिहिणारे. नागपूरहून आलेले दोन पाहुणे. मी, समितीची चिटणीस, एरवी कचेरीतली कारकून. आणि माझी आई, वय साठच्या पुढे.

आईला मी आणलं होतं. हे आधीच लिहून ठेवते.

गाव दाटीचं झालं तेव्हा वकील, साहेब, मालगुजार गावाबाहेर माळावर बंगले बांधून राहायला गेले. ती गावाबाहेरची पहिली वस्ती. भैयासाहेबांच्या आजोबांनी बंगल्याच्या आधी बग्गीखाना बांधला. मधे बग्गीची जागा, डावीकडे दोन घोडे, उजवीकडे कोचवानाची खोली. समोर दगडी कमान. पुढे मोटार आली, बग्गी विकली गेली, तिथे धानाची पोती राहू लागली. मग कुलूप. घराण्याने ती इमारत जपायला गावाच्या हवाली केली, समिती झाली, आणि अक्षर चांगलं म्हणून दप्तर माझ्याकडे आलं.

बग्गी चालू असताना पाहिलेलं कुणी माणूस शोधा, असं सभेत ठरलं. मी यादीत एकच नाव लिहिलं. आई तिथे कामाला जायची एवढंच मला माहीत होतं. काय काम, ते कधी विचारलं नव्हतं. आमच्या वस्तीने बौद्ध धम्म स्वीकारला त्या वर्षी तिने ते काम सोडलं. मी तेव्हा शाळेत पहिल्या-दुसऱ्या वर्गात होते. आपल्या आईला पाहुण्यांसमोर मानाने उभं करायचं, असं माझ्या मनात होतं. तिने त्या दिवशी नवं पांढरं पातळ नेसलं होतं.

मी टेप धरून मापं घेत होते. कमान. खांब. घोड्यांच्या दावणी. मागच्या भिंतीत, जमिनीलगत, एक चौकोनी भोक होतं. एका पाहुण्याने विचारलं, हे कशाला. गुरुजी म्हणाले, लीद बाहेर ढकलायला असावं. भैयासाहेब हसले.

"लीद जायची अन् बाया यायच्या. समोरून घोडा, इकडून ह्या. काय गं पवनीवाली? दाखव बरं पाहुण्यांना, कशी येत होतीस ते."

आमच्याकडे सून आली की तिचं नाव माहेरीच राहतं. पवनीची आली की पवनीवाली, सानगडीची आली की सानगडीवाली. मला मॅडम म्हणणारा माणूस, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, माझ्या आईला तू म्हणत होता. आणि मला तोवर ते खटकलं नव्हतं.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं.

तिने चष्मा काढून माझ्या हातात दिला. कमानीतून बाहेर गेली, भिंतीला वळसा घालून मागे गेली. आधी तिचे हात आत आले. मग पांढरं डोकं. कमरेशी ती अडकली. थोडी मागे सरली, तिरपी झाली, पुन्हा पुढे आली. एक पाहुणा हसायला लागला आणि मधेच थांबला. गुरुजी छताचे वासे बघू लागले. कुणी हात दिला नाही. माझ्या एका हातात चष्मा होता, दुसऱ्यात पेन. एवढंच माझं कारण.

ती उठायच्या आत मी लिहिलं होतं: मागील भिंत, उघडी जागा एक, रुंदी दोन फूट, उंची पावणेदोन फूट.

सायकल रिक्षात मी तिला चष्मा परत दिला. घरी तिने पातळ बदललं, गुडघे धुतले, चहा ठेवला. मग मीच विचारलं, समोरून का येऊ देत नव्हते. तिने सांगितलं. दसऱ्याला त्या कमानीत घोड्यांची अन् बग्गीची पूजा व्हायची. आमची सावली तिथे चालत नव्हती. नऊ बायांची पाळी असायची. मागून रांगत आत जायचं, लीद काढायची, धानाचं तणस अंथरायचं, रांगत बाहेर यायचं. पोटुशी असली तरी. पावसाळ्यात चिखल तोंडात जायचा.

मी म्हटलं, मग आज कशाला गेलीस. नाही म्हणायचं होतंस.

"मी तुह्यासाठी वाकली," आई म्हणाली. "नाही म्हटलं असतं त उद्या कचेरीत तुले आयकवलं असतं. तू काहून चूप राहिली?"

मी कपबशा काढायला उठले. तिने पुन्हा विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी गुरुजींनी इतिहासाचा मजकूर दिला. दगडावर कोरायचा होता, त्याआधी मी सुवाच्य प्रत काढायची. घोड्यांची नावं त्यात होती. कोचवानाचं नाव होतं. मागच्या भिंतीबद्दल एक ओळ होती: हवा खेळती राहावी म्हणून मागे झरोका ठेवला आहे. मी ती ओळ तीन वेळा वाचली आणि पेनाला टोपण लावलं.

सभेत मी उभी राहिले. म्हटलं, हा झरोका नाही. इथून नऊ बाया रांगत आत जात, कारण त्यांना कमान बंद होती. हे लिहा. नाही तर प्रत दुसऱ्याकडून काढून घ्या.

गुरुजी म्हणाले, दगडावर सगळंच कोरता येत नाही, जागा कमी असते. मी म्हटलं, घोड्यांना जागा झाली.

भैयासाहेब शांतपणे म्हणाले, "जुन्या गोष्टी आहेत, मॅडम. अन् तुम्ही तर आता आमच्यातल्याच."

"नाही," मी म्हटलं. "मी त्या भोकातून आलेल्या बाईची पोरगी आहे. अन् त्या दिवशी मी तुमच्यातल्यासारखीच उभी होती, त्याची मले लाज आहे."

कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. दप्तर मोजून दिलं, पोच घेतली. एक वही मात्र ठेवून घेतली, मापांची. तसं सांगून ठेवली.

दगड लागला. झरोक्याची ओळ तशीच कोरली गेली. आईला मी घरी येऊन सभेत काय बोलले ते सांगितलं. ती म्हणाली, बरं केलं. पण त्या आवाजात माझी सुटका नव्हती. दोन वर्षांनी ती गेली. तिच्यासमोर मी एकदाही म्हणाले नाही की आई, माझं चुकलं. मापांच्या वहीतलं ते पान फाडावं असं कितीदा वाटलं. फाडलं नाही. फाडलं तर मी त्या सकाळी तिथे नव्हते असं होईल.

दप्तर सोडलं तेव्हापासूनच मी कामाला लागले होते. नऊ बायांची नावं हवीत. पवनीवाली, सानगडीवाली असली नाहीत, आईबापांनी ठेवलेली. सुट्टीच्या दिवशी घरं गाठली. म्हाताऱ्या जावा, लेकी, एकीचा भाऊ. सानगडीवाली म्हणजे ठमाबाई. तिच्या नातवाला ते माझ्याकडून कळलं. पवनीवाली म्हणजे माझी आई, भागीरथा. कचेरीत अर्ज करताना तिचं नाव मी डझनभर वेळा लिहिलं असेल, पण वस्तीत त्या नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं.

आठ नावं झाली. राहिली दिघोरीवाली. आईच्याच पाळीत होती ती, किती तरी वर्षं. आई असताना मी विचारलं होतं. आई बराच वेळ आठवत बसली आणि म्हणाली, आमी तिले दिघोरीवालीच म्हणो. तिला मूलबाळ नव्हतं. नवरा आधी गेला, मग ती. इथे तिचं कुणी उरलं नाही.

मागच्या भिंतीवर पाटी लावायची आहे. मजकूर तयार आहे. परवानगीचा अर्ज दोनदा परत आला, तिसरा दिला आहे. तोही परत आला तर पाटी मी दिवसाउजेडी, माझ्या हाताने लावीन. काय व्हायचं ते होवो. पण नऊच्या नऊ नावं हवीत. 'व इतर' असं मी लिहिणार नाही.

दिघोरीला तिच्या माहेरचं कुणी असेल. भाऊबंद, शेजारचं घर, एखादी मैत्रीण. तिकडे अजून जाणं झालेलं नाही.