पोत्याच्या तळातले शंभर

बियाण्याला चोळलेल्या गुलाबी औषधाचा उग्र वास आला, की जालन्यातली माझी पहिली नोकरी आठवते. बियाण्याच्या त्या कंपनीत उगवण चाचणीच्या हजारो जुन्या नोंदी नव्या डेटाबेसमध्ये भरायच्या होत्या. एकेक टाइप करण्यात पेरणीचा हंगाम उलटला असता, म्हणून मी पूर्ण फाइल एकदम चढवायचं ठरवलं. “संगणकाची पडताळणी बंद ठेवा, जल्दी होईल. या नोंदींसाठी बियाण्याचे ट्रक उभे हायेत,” मॅनेजर म्हणाले. मी तसं करून वरच्या शंभर ओळी चढवून पाहिल्या, बिनबोभाट गेल्या. चाचणी करणाऱ्या बाई शेजारीच होत्या. “वरचे दाणे चांगलेच राहतात, भाऊ. आम्ही पोत्याच्या तळातून शंभर काढतो, मंग ओल्या कागदावर ठेवतो.” मी फाइलच्या तळातल्या शंभर ओळी चढवल्या. त्याही गेल्या, पण बाईंनी रजिस्टर उघडून एका लॉटवर बोट ठेवलं. निम्मंच उगवलेलं बियाणं संगणकावर अठ्ठ्याण्णव टक्के दिसत होतं. तळातल्या, सर्वांत जुन्या नोंदींत उगवण आणि शुद्धता यांचे रकाने उलटे होते; पडताळणी चालू असती, तर निम्मीच शुद्धता दिसताच ती ओळ बाद झाली असती. मी मॅनेजरना सांगितलं, “फाइल एकदमच चढवतो, पण पडताळणी चालू ठेवून. बाद ओळी बाई रजिस्टरशी ताडतील. तोवर ट्रक हलणार न्हाई.” ते चिडले, मी मागं सरलो न्हाई. तीन दिवस लागले. आजही कुणी ‘फाइल ठीक आहे’ म्हणालं, की मी एवढंच विचारतो: तळातलं काढून पाहिलंत का?