दुरियन ओळखायला शिकले तेव्हा

चिकलठाण्याच्या विमानतळावर माझी बॅग ट्रॉलीवर चढवताना हे म्हणाले, "केतकीला नीट समजावून सांग. शेंद्र्याला चांगली जागा निघायलीय. पडेगावातून जाऊन-येऊन करता येईल. परक्या मुलखात किती दिवस ऱ्हायचं पोरीनं?"

मी मान हलवली. हे शेंद्र्याच्याच एका कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे तिथल्या जागा त्यांच्या कानावर येत असतात. लेकीला परत आणायची कामगिरी माझ्यावर सोपवून ते निश्चिंत झाले. मलेशियातल्या पिनांग बेटावर जायला माझं आणखी एक कारण होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही. मला सरोजाबाईंना बघायचं होतं.

केतकी आमची एकुलती एक. पिनांगला इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत इंजिनिअर आहे आणि सरोजाबाई नावाच्या एका तमिळ बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. दोन वर्षांपासून तिच्या फोनवर एका वाक्याआड 'आंटी' यायला लागल्या होत्या. आंटी म्हणतात केस कापू नको. आंटींनी रस्सम केलं. आंटींना विचारून सांगते. मी तीस वर्षं शाळेत शिकवलंय. वर्गातली पोर दुसऱ्या बाईंची लाडकी झाली की मला लगेच कळायचं. इथं तर पोर माझीच होती.

मुंबई आणि क्वालालंपूर करत पिनांगला उतरले, तर दोघीही घ्यायला आलेल्या. सरोजाबाई उंच, पांढरे केस मानेवर कापलेले, अंगात सुती झगा. केतकीनं मला घट्ट मिठी मारली. माझे डोळे भरून आले. मग तिनं माझी बॅग उचलली, "आंटी, किल्ली," म्हणत हात मागे केला आणि त्या बाईंनी तिच्याकडे न बघता गाडीची किल्ली बरोबर तिच्या तळहातावर ठेवली. एवढंच झालं. पण माझ्या डोळ्यांतलं पाणी तिथंच आटलं.

घर टेकडीच्या पायथ्याशी होतं. दारात चाफा, मागे केळी, आणि दुपार झाली की समुद्राकडून येणारा दमट वारा. सकाळी सरोजाबाईंनी इडियाप्पम (तांदळाच्या वाफवलेल्या शेवया) आणि नारळाचं दूध वाढलं. छान झालं होतं. मी "बरं आहे" म्हणाले. आमच्या घरी जिला चहाची साखर सापडायची नाही, ती केतकी त्या स्वयंपाकघरात डोळे मिटून वावरत होती. हळदीचा डबा कुठं, आंटींच्या रक्तदाबाची गोळी कुठं, सगळं तिला ठाऊक.

रविवारी दोघी मला बालिक पुलावला घेऊन निघाल्या. हा बेटाच्या पाठीकडचा भाग. नागमोडी घाटरस्ता, दोन्हीकडे गच्च हिरवं रान, मधूनच खाली समुद्राची पट्टी. केतकी गाडी चालवत होती. वाट दाखवायला म्हणून सरोजाबाई तिच्या शेजारी, मी मागे. लेकीचा अर्धा चेहरा आरशात दिसत होता, तेवढ्यावर समाधान मानलं.

एका वळणावर वास आला. उन्हात सडलेला कांदा, पिकून फुटलेला फणस, आणि कुठंतरी गॅसची शेगडी चालू राहिलीय की काय असं वाटावं असा. मी नाकाला ओढणी लावली.

"आई, आलं दुरियन!" केतकी आनंदानं ओरडली.

लहानपणी पपई कापली की घराबाहेर पळणारी ही मुलगी!

रस्त्याकडेला पत्र्याच्या छपराखाली काटेरी फळांचे ढीग होते. मागे उंच झाडं, आणि झाडांखाली जाळी ताणलेली. दुरियन तोडत नाहीत, पिकून आपोआप पडेल तेव्हा जाळीत झेलतात. 'दुरी' म्हणजे मलय भाषेत काटा. आपल्या फणसाचा काटा याच्यापुढं मऊ. डोक्यात पडलं तर माणूस वाचायचा नाही.

"आधी देठ बघायचा," सरोजाबाई मला इंग्रजीतून सांगू लागल्या. "मग फळ उलटं करून तळ. मग काटा. वास सगळ्यांत शेवटी."

आपण आंब्याचा बाक बघून केसर ओळखतो, तसंच हे. पण त्या बोलायला लागल्या की उत्तर केतकीच द्यायची, परीक्षेला बसल्यासारखी.

"आई, हे बघ, मुसांग किंग." मुसांग म्हणजे उदमांजर. तिनं फळ उलटं केलं. तळाशी काटे नसलेल्या पट्ट्या एकत्र येऊन पाचपाकळी चांदणी झाली होती. "ही चांदणी दिसली पाहिजे. काटे रुंद बुडाचे. आत गर हळदीसारखा पिवळाजर्द. आधी गोड, मग कडवट."

"आणि हे?" सरोजाबाईंनी एक लहानसं, तपकिरी छटेचं फळ पुढं केलं.

"उदांग मेराह." त्याचा अर्थ तांबडी कोळंबी. गर उकडलेल्या कोळंबीसारखा केशरी-गुलाबी, म्हणून हे नाव. पिनांगचं हे खास. गोड, मऊ, नवख्यांनी यापासून सुरुवात करावी. दुरी हितम, म्हणजे काळा काटा, भोपळ्यासारखा गोल. तळाला किंचित खळगा आणि त्यात काळी काडी. डी-चोवीस हिरवट सालीचं, देठाभोवती कडं असलेलं, गर फिकट सायीसारखा. आणि कोपऱ्यात वेगळा ढीग होता तो कांपुंगचा (गावठी). बीपासून उगवलेली झाडं, प्रत्येकाची चव निराळी, नाव कुणालाच नाही.

केतकीनं सगळी बरोबर ओळखली. सरोजाबाईंनी तिच्या पाठीवर थाप दिली. पाढे बिनचूक म्हटले की मी द्यायचे तशीच.

मी उदांग मेराहचा एक गरा तोंडात घातला. लोण्यासारखा होता, गोडही होता, पण वास नाकात चढला आणि मला उबळ आली.

"आई, राहू दे. नको खाऊस, जबरदस्ती नाही," केतकी म्हणाली आणि पाण्याची बाटली माझ्या हाती देऊन पुन्हा त्यांच्याकडे वळली. दोघी एकाच फळातून बोटं चाटत खात होत्या. जबरदस्ती केली असती तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी मी ठरवलं, हे फळ शिकायचंच.

केतकी ऑफिसला गेली की मी दीड-दोन किलोमीटरवर असलेल्या दुरियनवाल्याकडे जायचे. वयस्क चिनी गृहस्थ होते. त्यांना माझं इंग्रजी कळायचं नाही, मला त्यांचं. पण ते मला फळं हाताळू द्यायचे. मी देठ बघायचे, तळ बघायचे, कानाशी धरून हलवायचे. एक-एक गरा खात गेले. चौथ्या-पाचव्या खेपेला वासाखालची चव लागली. कडवट साय, त्यात जरासा लसूण. वाईट नव्हती. हे मात्र मी घरी कुणाला सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात केतकीला बढती मिळाली. मला हवी तशी संधी चालून आली. मी एकटीनं जाऊन मुसांग किंग निवडायचा, आणि लेकीला कळायला हवं की तिच्या आईलाही ओळखता येतं.

ढिगातून निवडून एक फळ उचललं. तळाला चांदणी, काटे रुंद. दुकानदार म्हणाले, "तेक्का, तेक्का." मला वाटलं, ठीक आहे का, असं काहीतरी त्यांच्या भाषेत विचारताहेत. मी ऐटीत मान हलवली. टॅक्सी बोलावली तर चालकानं पिशवीकडे बघून नाक धरलं आणि निघून गेला. दुसऱ्यानंही तेच केलं. पिशवी फाटली. शेवटी ओढणीत गुंडाळलेलं ते काटेरी बाळ कडेवर घेऊन मी भर उन्हात चालत घरी आले. दंडावर ओरखडे उठले.

संध्याकाळी टेबलावर ते ठेवलं. "तुझ्यासाठी. मुसांग किंग. मी निवडलाय," मी केतकीला म्हणाले.

केतकीचा चेहरा उजळला. "आई! तू?"

सरोजाबाईंनी फळ उचललं आणि सुरीनं देठाचा शेंडा कापला. कापलेल्या देठात तांबूस-पिवळं वर्तुळ दिसत होतं. "हा तेक्का आहे, दिसायला तसाच, पण जात दुसरी," त्या सरळपणे म्हणाल्या. "पुष्कळ लोक फसतात. देठ कापल्यावर हा रंग दिसला की तेक्का."

"आई, तेक्काही मस्त असतो गं," केतकी घाईनं म्हणाली.

"व्हय. खा तुम्ही दोघी," मी म्हणाले आणि उठून वर गेले.

केतकी मागोमाग आली. "आई, काय झालं?"

"काही नाय. शेंद्र्याला जागा आहे. बाबांनी विचारून ठेवलंय. तू परत चल."

"हे आत्ता, मध्येच कुठून आलं? मला इथलं काम आवडतं, आई. आत्ताच बढती मिळाली."

"काम आवडतं का ह्या बाई आवडतात?"

ती हळूच म्हणाली, "तू आंटींचा राग करायलीस."

"त्यांनी तुला माझ्यापासून तोडलंय."

"कुणी तोडलं नाही. पहिल्या वर्षी मला डेंग्यू झाला होता. तुम्ही घाबराल म्हणून सांगितलं नाही. त्या माझ्या उशाशी बसून होत्या." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी कुठल्या तोंडानं त्यांना परकं म्हणू?"

माझी मुलगी आजारी होती आणि मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कुणीतरी तिच्या कपाळावर हात ठेवला होता. कृतज्ञ वाटायला हवं होतं. मला मात्र त्या हाताचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकी ऑफिसला गेल्यावर सरोजाबाई टेबलावर कढीपत्ता निवडत बसल्या होत्या. मी चहाचा कप घेऊन समोर बसले.

"तुम्ही तिला न्यायला आलात ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मला वाटलंच." त्यांनी काडी बाजूला टाकली. "तुम्हाला माहीत आहे, रोज संध्याकाळी आम्ही दोघी जेवत असतो. तुमचा फोन येतो. ती ताट घेऊन वर जाते आणि दार लावते. मग वरून हसण्याचा आवाज येतो. माझ्याशी ती इतकी कधी हसत नाही. 'जेवलीस का' आणि 'ठेवू का' एवढं मराठी मला येतं. 'ठेवू का' म्हणाली की मला कळतं, आता खाली येईल. कधी कधी अर्धा-अर्धा तास येत नाही." त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माझा मुलगा मेलबर्नला असतो. तो फोन करतो तेव्हा बोलायला काही सापडत नाही. दोन वर्षं मला तुमचा फार हेवा वाटतो. तुम्ही येणार म्हटल्यावर मी आठवडाभर नीट झोपले नाही."

मी कढीपत्त्याची एक काडी ओढली आणि पानं खुडायला लागले. संपेपर्यंत आम्ही तशाच बसलो.

निघायच्या दिवशी मी केतकीला परत चल म्हणाले नाही. विमानतळावर ती मला बिलगून खूप रडली. सरोजाबाई जरा लांब, खांबापाशी उभ्या राहिल्या. मुद्दामच असावं.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"राहू द्या तिला तिथं," मी म्हणाले. शेंद्र्याचा विषय ह्यांनी पुन्हा काढला नाही.

गुलमंडीत खरेदीला गेले की ओळखीच्या बायका अडवून विचारतात, कसं असतं हो ते घाण वासाचं फळ? मी चांदणी, काळी काडी, देठाचं कडं, सगळं हातवारे करून सांगते. त्या हसतात. परदेशात गेलेल्या माणसानं असं काहीतरी नवं सांगावं, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. पण तिथून मी खरं काय शिकून आले ते बाजारात उभ्यानं सांगता येत नाही. हेवा काही माझा गेला नाही. गेला असं लिहिलं तर खोटं होईल. एवढंच, की आता त्या हेव्याच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय ते मला माहीत आहे.

दिवाळीनंतर एका सकाळी केतकीच्या नंबरवरून फोन आला. आवाज सरोजाबाईंचा होता.

"घाबरू नका. ताप आहे. डॉक्टर येऊन गेले, साधाच आहे म्हणाले. झोपली आहे. यावेळी तुम्हाला कळवायचं असं मी ठरवलं होतं." जरा थांबून त्या म्हणाल्या, "ती कण्या मागते आहे. कण्या म्हणजे काय?"

ज्वारीच्या कण्या. आजारपणात आमच्याकडे दुसरं काही तिच्या घशाखाली उतरत नाही. क्षणभर वाटलं, सांगू नये. एवढी एक गोष्ट तरी माझ्यापाशी राहू दे.

मग सांगितलं. ज्वारी जाडसर भरडायची. भिजवायची. मंद आचेवर ढवळत शिजवायची, मीठ घालायचं, झाकून मुरू द्यायची. वरून ताक, ताकाला लसूण-जिऱ्याची फोडणी.

"ज्वारी म्हणजे आमचं चोळम्. मिळेल इथं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी पुन्हा फोन आला.

"खाल्लं का तिनं?" मी विचारलं.

"खाल्लं. आईसारखं झालं नाही म्हणाली," सरोजाबाई म्हणाल्या. "पण दोनदा मागून घेतलं."

पहिलं वाक्य ऐकून मला बरं वाटलं. दुसरं ऐकून पोटात दुखलं. तसंच दुखत असताना मी विचारलं, "उद्या काय देणार आहात तिला?"

"तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या.

मी खुर्ची ओढली आणि बसले.