लाल खणातलं पुडकं

नवस बोलताना मी देवीला मुदत घालून दिली होती. दिवाळीपर्यंत सईच्या डोक्यावर केस येऊ देत, मी माझे केस तुला वाहीन. आमच्या पार्ल्याच्या घरात, देवघरासमोर, ऑफिसची पर्स खांद्याला तशीच अडकवलेली असताना मी हे बोलले. माझे केस कमरेच्या खाली वीतभर येतात, म्हणजे तेव्हा येत होते, आणि त्यांचा मला किती गर्व होता ते अंधेरीच्या आमच्या ऑफिसातल्या कुठल्याही बाईला विचारावं. त्यामुळे मी देऊ केलेली किंमत माझ्या मते चांगलीच घसघशीत होती. देवीने नाही म्हणायचं काही कारण मला दिसत नव्हतं.

सई माझी मुलगी, दहा वर्षांची. गेल्या उन्हाळ्यात तिच्या कानामागे बंद्या रुपयाएवढी चाई पडली. आधी आम्ही हसण्यावारी नेलं. मग दुसरी पडली, तिसरी पडली, आणि शाळा सुरू होऊन दोन महिने होईपर्यंत डोक्यावर एक केस उरला नाही. डॉक्टर म्हणाले, तिचं शरीरच स्वतःच्या केसांवर उठलं आहे, केस येतीलही, नाहीही, कधी ते सांगता येत नाही. ती टोपी घालून शाळेत जायची. एके दिवशी प्रार्थनेच्या वेळी कुणीतरी मागून टोपी ओढली आणि सगळी रांग हसली. त्या दिवसापासून सई घराबाहेर पडली नाही. शाळा सोडा, ती गॅलरीतही येईना. वाढदिवसाला केक कापायला बाहेरच्या खोलीत यायलाही तिने नकार दिला. वर्गशिक्षिका फोन करून सांगत होत्या की वर्ष वाया जाईल. मला वर्षाचं एवढं नव्हतं. एवढीशी पोर दार लावून बसते आणि तिला त्याची सवय होते आहे, हे मला बघवत नव्हतं.

घरात आम्ही चौघं. मी, नवरा, सई आणि सासूबाई. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, आणि केसांच्या बाबतीत त्यांची शिस्त म्हणजे विचारायची सोय नाही. वेणी घालायची ती बाथरूममध्ये. गुंतवळ लगेच कागदात गुंडाळून टाकायचं. देवघराच्या आसपास कंगवा दिसला तरी त्यांचा आवाज चढायचा. वरणात एक केस सापडला म्हणून त्यांनी अख्खं पातेलं मोरीत ओतल्याचं मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी पाहिलं होतं. त्या स्वतः रोज पहाटे खोलीचं दार लावून तयार व्हायच्या आणि बाहेर यायच्या ते नीटस, भरघोस अंबाडा घालून, डोक्यावरून पदर घेऊनच. मोकळ्या केसांनी मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. मी ते त्यांचं सोवळं समजत होते. नवऱ्याजवळ त्यावरून चेष्टाही करायचे, की झाला का तुझ्या आईचा दरबार सुरू म्हणून.

आमच्या देवघरात टाक आहेत, बाळकृष्ण आहे, अन्नपूर्णा आहे आणि मागच्या कोपऱ्यात लाल खणात बांधलेलं एक पुडकं आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं, ह्याला रोज हळदकुंकू वाहायचं, सोडायचं मात्र नाही. मी कधी विचारलं नाही. कुलस्वामिनीचं काहीतरी जुनं, गावाकडून आलेलं असेल असं धरून चालले. चौदा वर्षं रोज त्या पुडक्यापुढे हात जोडले. खरं सांगायचं तर मूर्तींपेक्षा माझी श्रद्धा त्याच्यावरच जास्त होती. झाकलेलं असल्यामुळे असेल. सईसाठी नवस बोलले तेव्हाही हळदकुंकू मी त्यालाच वाहिलं होतं.

दिवाळी आली आणि गेली. केस तर आले नाहीतच, पाडव्याच्या सुमारास सईच्या भुवयाही गेल्या. मी देवघराकडे पाठ फिरवली. पूजा बंद केली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, आपली आपण पूजा करत राहिल्या. त्यांच्या त्या गप्प बसण्याचाही मला राग यायचा. नात अशी बसली आहे आणि ह्यांना रोज अंबाडा घालून फुलं वाहायला सुचतं कसं, असं वाटायचं.

डॉक्टरांच्या ओळखीने एका संस्थेकडे आम्ही सईच्या डोक्याचं माप पाठवलं होतं. लोकांनी दान केलेल्या केसांचे विग बनवून ते लहान मुलांना देतात. जानेवारीतल्या एका शुक्रवारी विग घरी आला. मी रजा घेतली होती. दुपारची वेळ, जेवणं झालेली. मी खोका उघडून विग सईपुढे धरला. काळेभोर, मऊ, खांद्यापर्यंतचे केस. सई मागे सरकली.

“कुणाचे आहेत?”

मी म्हटलं, माहीत नाही गं. पुष्कळ जणींचे मिळून एक होतो.

“शी! मी नाही घालणार. आजी ताटातला एक केस चालवून घेत नाही आणि मी दुसऱ्यांचे एवढे डोक्यावर घेऊ?”

 आता लिहायला हरकत नाही, मलाही तो विग हातात धरवत नव्हता. कुणाचे केस, कुठले, अशीच शिरशिरी माझ्याही अंगावर आली होती. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या वळल्या, देवघराकडे गेल्या आणि ते लाल पुडकं घेऊन आल्या. पलंगावर बसल्या आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी खणाची गाठ सोडली.

आत केस होते. एक वेणी, हातभर लांब, कधीकाळी काळी असावी अशी, टोकाला विटलेला दोरा. मी ओरडलेच असेन, कारण सई माझ्याकडे बघायला लागली. सासूबाईंनी मग डोक्यावरचा पदर सोडला, दोन्ही हात मागे नेले, अंबाड्यातल्या पिना एकेक करून काढल्या आणि अख्खा अंबाडा काढून वेणीशेजारी ठेवला. गंगावन. जुन्या बायका अंबाडा भरायला खोटे केस घालायच्या ते. खाली त्यांच्या डोक्यावर पांढऱ्या केसांची चार-दोन बेटं होती आणि बाकी उघडी कातडी, सईसारखी.  मी तिथेच फरशीवर बसले.

“ही वेणी माझी नाही,” त्या सईला म्हणाल्या. “नर्सबाईंची आहे.”

पुढचं त्यांनी थांबत थांबत सांगितलं. बाराव्या वर्षी त्यांना टायफॉईड झाला. जिवावरचं निभावलं, पण केस गेले आणि परत आले ते असे तुटक तुटक. विसाव्या वर्षी लग्नाचं बघायला लागले. दोन स्थळं केसांवरून मोडली. त्यांच्या गावच्या दवाखान्यात तेव्हा एक नर्सबाई बदलून आल्या होत्या, सासूबाईंच्या आजीला इंजेक्शन द्यायला घरी यायच्या. त्या गावाबाहेरच्या वस्तीत राहणाऱ्या, म्हणून सासूबाईंचे वडील त्यांना ओटीच्या वर येऊ देत नसत. आजीला धरून ओटीवर आणायचे. उन्हातून आलेल्या नर्सबाईंनी पाणी मागितलं तर वरून ओंजळीत ओतायचे. दुसरं स्थळ मोडलं त्या दिवशी सासूबाई परसात रडत बसल्या होत्या आणि नर्सबाईंनी त्यांना पाहिलं. पुढच्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा त्यांची मान मोकळी होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेली वेणी त्यांनी सासूबाईंच्या हातात दिली आणि म्हणाल्या, रोज टोपीत कोंबायचा मला कंटाळाच आला होता. सासूबाईंच्या आईने तिचं गंगावन केलं आणि नवऱ्याला सांगितलं की शहरातून विकत आणलंय.

“तुझ्या आजोबांनी मला पसंत केलं तेव्हा डोक्यावर हेच केस होते. लग्नात अंतरपाटामागे उभी होते तेही ह्याच केसांनी. लग्नाआधीच नर्सबाईंची बदली झाली. नाव विचारायचं आमच्यात कुणाला सुचलंसुद्धा नाही. सगळे नर्सबाईच म्हणायचे.”

आजोबांना ठाऊक होतं का, असं सईने विचारलं. त्यांना पहिल्या महिन्यातच कळलं होतं. ते काही बोलले नाहीत, आणि ही वेणी झिजायला लागली तेव्हा त्यांनीच दादरहून नवीन गंगावन आणून दिलं. जुनं टाकवेना म्हणून सासूबाईंनी ते खणात बांधलं. माझ्या तोंडून तेवढ्यात शब्द फुटले, अहो आई, पण देवघरात?

“हो. माझ्या वडिलांनी जिला ओटीच्या वर घेतलं नाही, तिला मी देवघरात बसवलं. पण सांगितलं मात्र कुणालाच नाही. तेवढा धीर झाला नाही मला.” मग त्या सईकडे वळल्या. “आणि ते ताटातल्या केसाचं सोवळं वगैरे काही नव्हतं गं. माझंच काही गळून पडेल आणि तुम्हाला कळेल, ह्याची भीती होती ती.”

माझी काय अवस्था झाली ती मी जशीच्या तशी लिहिते आहे. आधी मला राग आला, चौदा वर्षं फसवलं म्हणून. आणि मग क्षणभर, एक क्षणच पण आला हे खरं, मनात आलं की कुणाचे केस हे, आणि आपण त्यांना हळदकुंकू वाहत होतो? स्वतःच्या मनात हे उमटलेलं ऐकून मी जेवढी हादरले तेवढी खणातली वेणी पाहूनही हादरले नव्हते. ऑफिसात सगळ्यांबरोबर एका डब्यात जेवणारी, स्वतःला मोठी सुधारलेली समजणारी मी. आणि ती बाई, जिला पाणी वरून ओतलं गेलं, तिने त्याच घरातल्या मुलीला आपले केस कापून दिले. मुदत घातली नाही. अट घातली नाही. मी तिच्याच पुढ्यात उभी राहून माझ्या केसांचा सौदा करत होते.

सई मात्र केव्हाच पलंगावर आजीला चिकटून बसली होती. ती आजीच्या डोक्यावरून बोट फिरवत होती, जपून, जणू दुखेल. मग तिने विचारलं, “तुला घाण नाही वाटली ते घालायला?”

“पहिल्या दिवशी वाटली. मग आरशात पाहिलं.”

 सईने खोक्यातला विग स्वतःच उचलला आणि ती तो उलटासुलटा करून पाहायला लागली. त्या दिवशी तिने तो घातला नाही. दुसऱ्या दिवशी दार लावून घातला, आणि तासाभराने दार उघडलं.

माझे केस द्यायचं मी त्याच शनिवारी ठरवलं. सासूबाईंनी मला पुढ्यात बसवून माझ्या केसांना वाटीभर खोबरेल चोळलं. चौदा वर्षांत त्यांनी माझ्या केसांना पहिल्यांदाच हात लावला. देवकार्याला द्यायचे तर तेल लावून द्यावेत, असं आम्हा दोघींच्याही डोक्यात. त्या संस्थेसाठी केस कापून घेणारं एक पार्लर गोरेगावला आहे, तिथे गेलो तर तिथल्या मुलीने कपाळाला हात लावला. म्हणाली, काकू, तेल नाही चालत ना, बुरशी धरते, धुऊन एकदम कोरडे करून या. सासूबाईंचा चेहरा पडला. मला मात्र खूप दिवसांनी हसू आलं.

रविवारी परत गेलो, तेव्हा सई आमच्याबरोबर होती. पाच महिन्यांनी ती जिना उतरली. डोक्यावर विग होता आणि एक हात आजीच्या हातात. सासूबाईंनी गंगावन घरी ठेवलं होतं. होते तेवढे केस मागे घेऊन त्यांनी सुपारीएवढी गाठ मारली होती, आणि डोक्यावर पदरही घेतला नव्हता. सोसायटीच्या फाटकाशी दोन-तीन बायका बघतच राहिल्या. कोणाकडे बघत होत्या कोण जाणे, नातीकडे की आजीकडे. त्या दोघी रिक्षा शोधत होत्या.

पार्लरमधल्या मुलीने माझी वेणी रबराने बांधली, कापली आणि पिशवीत घातली. मान एकदम हलकी झाली आणि माझे डोळे भरून आले. मग तिने फॉर्म पुढे ओढला आणि दान करणाऱ्याचं नाव विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सई म्हणाली, “नर्सबाई लिही ना.” त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने लिहिलं आणि विचारलं, “आडनाव?”

“ते आम्ही विचारलंच नाही,” सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि पार्लरभर बायकांसमोर, पन्नासेक वर्षांचं काहीतरी साठलेलं असावं अशा त्या रडल्या.

सईचे केस आले का, असं लोक विचारतात. थोडी लव आली, परत गेली. ती शाळेत जाते. कधी विग घालून जाते, कधी उकडतं म्हणून नुसता रुमाल बांधून. माझा नवस फळला की नाही, हे मला सांगता येणार नाही. मी मागितलं होतं ते मिळालं नाही, आणि जे मिळालं ते मागायची मला अक्कल नव्हती. देवीला मुदत घालणारी मी आता मुदत घालत नाही, एवढंच. ह्या लिखाणाखाली मी माझं नावही घातलेलं नाही. ज्या बाईपासून हे सगळं सुरू झालं तिचं नाव आम्हाला ठाऊक नाही, तर माझं कशाला?

पुडकं पुन्हा त्याच खणात, त्याच कोपऱ्यात आहे. सकाळी मी त्याला हळदकुंकू वाहते आणि काही मागत नाही. नर्सबाई, आजपण सई शाळेत गेली, एवढं सांगते आणि ऑफिसला निघते.