पोरगी गरम की गार?

दूध कमी झालं की आमच्या केंद्रावर किस्से वाढतात, असा माझा अनुभव आहे. दूध भरपूर असलं की कुणाला कुणाशी बोलायला फुरसत नसते. पण त्या दुष्काळात गावोगावच्या सोसायट्यांचे कॅन अर्धेमुर्धे यायला लागले. दहाच्या आत सगळं दूध टाकीत, आणि मग माणसं सावली धरून बसायची. बसली की बोलायची. विषय एकच, ऊन.

आधी माझी अडचण सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आष्टीच्या अलीकडं माळावर सहकारी संघाचं दूध थंड करायचं केंद्र आहे. तिथल्या लॅबमध्ये मी. बी.एस्सी., म्हणून सगळे मॅडम म्हणतात, मला अजून सवय झालेली नाही. केंद्राच्या आवारातच आम्हाला दोन पत्र्याच्या खोल्या. नवरा गेवराईला नोकरीला, शनिवारी यायचा. घरात मी, सासूबाई आणि सात महिन्यांची स्वरा. सासूबाई सकाळी केंद्रावरच्या आठ माणसांच्या भाकरी थापायच्या, पोरीकडं बघायच्या, आणि मी टाकीतल्या दुधाचा एकेक नमुना काढला की तिला पाजायला घरी पळायची.

चैत्रात स्वराला एकदा ताप येऊन गेला. तेव्हाच सासूबाईंनी सांगून टाकलं, "पुन्यांदा अंग तापलं, तर मी हिला गावाकडं नेकनूरला नेणार. आपलं मातीचं माळवद हाय, गार. हितं पत्र्याखाली पोर भाजून निघंल."

यात खोटं काहीच नव्हतं, हीच पंचाईत. पण पोरगी अंगावर पीत होती. ती तिकडं, मी इकडं, हे मला डोळ्यांपुढं आणवत नव्हतं. म्हणून त्या उन्हाळ्यात मी दिवसातून दहा वेळा तिच्या कपाळाला हात लावायची, आणि दहाही वेळा ते गरम लागलं तरी तोंडातून अक्षर काढायची नाही.

आता किस्से.

*

भानुदासमामा आमचे ऑपरेटर. कोल्डरूममध्ये शिरायला केंद्राकडं एकच कोट होता, गादीसारखा जाड, आणि तो मामांच्या अंगावर असायचा. एकदा भर दुपारी ते तो कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून, बाहेर कडुलिंबाखाली येऊन बसले. दूध घालायला आलेली माणसं सरकून बसली.

एकानं विचारलंच, "मामा, हिवताप हाय का?"

"न्हाई बे. गारवा हाय."

"कुठं?"

"कोटात. आतनं भरून आणलाय. पंधरा मिंटं टिकतोय. बोलाय लावू नको, तोंडावाटं जातोय."

*

संघानं कामगारांना गणवेश द्यायचं ठरवलं. आले ते टेरिकॉटचे, आकाशी रंगाचे, बघायला फार छान. हणमंता कॅन उचलायचा. पहिल्या दिवशी वीस कॅन झाले आणि तो घामानं असा निथळला, की केंद्राच्या साहेबांना वाटलं कॅन अंगावर सांडला. घाम आतला आत. कापड पाणी पिईना आणि वारं घेईना.

आठवड्यानं वरचे अधिकारी आले. हणमंता आपल्या फाटक्या बनियनवर.

"गणवेश कुठाय?"

हणमंतानं वर बोट केलं. आकाशी शर्ट, आकाशी पँट, दोन्ही व्हरांड्याच्या पत्र्यावर ऊन अडवायला दगड ठेवून पसरलेले.

"लई गार कापड हाय साहेब," हणमंता म्हणाला. "फकस्त आत माणूस नको."

*

केंद्रात एसी एकच, साहेबांच्या केबिनमध्ये. संचालकांची मीटिंग असली की रिमोटवरून भांडण ठरलेलं. मोटरसायकलवर तापून आलेल्यांना सोळा पाहिजे. सकाळपासून खुर्चीत बसलेले म्हणायचे, गुडघे आखडले, सव्वीस करा. धोतरवाल्यांना वारं लागायचं, जाकीटवाल्यांना लागायचं नाही.

एका मीटिंगनंतर एक संचालक बाहेर येऊन म्हणाले, "आज कसं बेताचं होतं. मीच सेट केलं." मागोमाग दुसरे आले, तेही तेच म्हणाले.

सगळे गेल्यावर भानुदासमामांनी कोटाच्या खिशातून दोन सेल काढले आणि साहेबांच्या टेबलावर ठेवले.

"मीटिंगच्या आधी काढून ठिवलते," म्हणाले. "रिमोट सगळ्यांस्नी दिला. ज्यानं त्यानं आपापलं गार करून घेतलं."

*

आमच्या घरात कूलर होता, पण टँकर चार दिवसांनी यायचा. प्यायचं पाणी कूलरमध्ये ओतायला सासूबाईंचा हात धजत नसे, आणि कोरडा कूलर म्हणजे लोहाराचा भाता. शेवटी मी अक्कल चालवली. पोरीच्या आंघोळीचं पाणी परातीत धरायचं, फडक्यातून गाळायचं आणि कूलरमध्ये. सूक्ष्मजीवशास्त्राचा एक पेपर दिलेली बाई मी. त्या दिवसांत तो विषय शिकवणाऱ्या बाईंची आठवण आली की मान खाली जायची.

पण खोली खरंच गार झाली. साहेब काही कागदावर सही घ्यायला आले, ते अर्धा तास हललेच नाहीत. जाताना मोठा श्वास घेऊन म्हणाले, "मॅडम, तुमच्या घराला बारशाचा वास येतो."

सासूबाई आतून म्हणाल्या, "येणारच. तुमी आत्ता न्हाणीत बसलावता."

*

आता जरा मनावर घेऊन वाचा, कारण इथून माझा जीव टांगणीला लागतो.

रोजचं चित्र असं. मी टाकीवर गेले की सासूबाई तव्यापुढून उठायच्या, पोरीला घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बघ कशी गार पडलीया." की लगेच स्वेटर. मे महिन्यात. वर कानटोपी. मी चार डिग्रीच्या दुधाच्या बाटल्या भरून पळत यायची, पोरीला हात लावायची, चटका बसायचा, स्वेटर काढून फेकायची. मी गेले की पुन्हा स्वेटर. पोरगी बिचारी दिवसभर कपडे बदलत होती. मानेत, काखेत घामोळं उठलेलं.

सासूबाई म्हणायच्या, "तुझ्या त्या बर्फखान्याचं वारं लागतंय तिला."

मी म्हणायची, "उकडतंय तिला, आत्याबाई." ताप हा शब्द मी गिळायची. मला वाटायचं, आई म्हणून आपल्यातच काही कमी आहे. ज्या बाईनं तीन पोरं वाढवली तिला पोर गार लागतं, आणि आपल्याला निखारा.

मग आम्ही तिला आष्टीला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी कानटोपी काढली, स्वेटर काढला. आत मी घातलेलं बिनबाह्यांचं झबलं, मलमलचं, तेही बटणं उघडी.

"वर हिवाळा, आत उन्हाळा," डॉक्टर म्हणाले. "पोरगी ठणठणीत आहे. घामोळं कपड्यांचं आहे. हिला कपडे कोण घालतं?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडं बोट केलं.

डॉक्टरांनी कागद पुढं ओढला. "औषध लिहून देतो. एक चमचा तुम्ही घ्या, एक चमचा तुम्ही."

*

तरी मी गुपचूप थर्मामीटर आणलाच, पाऱ्याचा, आणि खिडकीत लपवून ठेवला. दुपारी दोनला सासूबाईंचा डोळा लागल्यावर तो पोरीच्या काखेत धरला. एकशे सात.

मी पोरीला घेऊन अनवाणी केंद्राकडं पळाले. पायाखालची फरशी पोळत होती, ते नंतर कळलं. डोक्यात एकच, हिला आता नेकनूरला नेणार, आणि नेलंच पाहिजे, कारण मी कसली आई.

भानुदासमामांनी पोरीला बघितलं. ती त्यांच्या कोटाचं बटण चोखायला लागली. त्यांनी थर्मामीटर हातात घेतला, धोतराला पुसला आणि स्वतःच्या तोंडात धरला. काढून मला दाखवला. एकशे सात.

"मीबी चाललो म्हणायचं," मामा म्हणाले. "मॅडम, हा कुठं ठिवलता?"

"खिडकीत. पत्र्याखाली."

"झटकलाता का?"

मी बी.एस्सी. आहे, हे कुठं सांगू नका.

"मग ताप घराला हाय," मामा म्हणाले आणि त्यांनी थर्मामीटर असा झटकला, की तो हातातून सुटून थेट कंपाउंडच्या पलीकडं गेला. तेव्हापासून ताप बघायचं काम पुन्हा हातावर आलं.

*

मे संपत आला तरी घामोळं जाईना. एका मंगळवारी सासूबाईंनी मला न विचारता पिशवी भरली. झबली, दुपटी, गुटीची बाटली. "दोनच्या बीडच्या गाडीनं निघते," म्हणाल्या. "पाऊस पडला की आणते." मी गुटीच्या बाटलीचं बूच घट्ट केलं आणि लॅबमध्ये गेले.

सव्वा वाजता त्या पोरीला आणि पिशवीला घेऊन लॅबमध्ये आल्या. शेवटचं पाजून घे, म्हणाल्या. तेवढ्यात लाइट गेली. साहेब ओरडत आले, फ्रीजमधले सगळे नमुने दुधाच्या टँकरबरोबर जायचेत, आत्ताच्या आत्ता बर्फाच्या पेटीत भरा. मी पोरीला पाजत होते. उठायला लागले, तर ती जोरात रडली.

"बस तू," सासूबाई म्हणाल्या. "मला दाव काय करायचं ते. बाटल्याच तर हायत."

त्यांनी भरायला घेतलं. एक बाटली उचलायची, पुसायची, बर्फात रोवायची, की दुसरी. माझ्यासारखंच, उलट माझ्यापेक्षा नीट. मी अर्धा तास स्टुलावर बसून होते, पोरीला छातीशी धरून, हात तिच्या पाठीवर. असं रिकामं बसल्याचं मला त्या उन्हाळ्यात आठवत नव्हतं.

पेटी बंद झाली, टँकर गेला. रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. सासूबाई माझ्याजवळ आल्या, पिशवी खांद्याला लावली आणि पोरीला घ्यायच्या आधी सवयीनं तिच्या कपाळाला हात लावला. तो झटकन मागं घेतला.

"अगं, पोरगी तापलीया."

मी हात लावला. "नाही हो, आत्याबाई."

त्यांनी पुन्हा लावला. "तापलीया म्हणते ना मी. निखारा हाय नुसता."

मी पुन्हा लावला. पोरगी माझ्याकडं बघून हसली.

सासूबाईंनी हात पदराला पुसले. मग दोन्ही तळवे स्वतःच्या गालांना लावले आणि तशाच उभ्या राहिल्या. बाहेर हॉर्न पुन्हा वाजला, कंडक्टरनं हाक मारली. त्यांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"रोज एवढं गार असतंय व्हय गं?" त्या म्हणाल्या.